शिळ्या वाघाला भिणारा माणूस

वाघाला भिणारी माणसं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पैशाला पासरी मिळतील. न भिणारीही मिळतील. त्यांची आणि वाघाची गाठ अजून पडलेली नसते, एवढंच. पण शिळ्या वाघाला भिणारा माणूस मी अख्ख्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला. आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान. अमुक ठिकाणी वाघ दिसला असं कोणी सांगितलं की चारचौघं विचारतात, "कुठी?" भाटवे विचारत, "कधी?" सांगणारा म्हणाला, "आत्ताच," तर हे शांतपणे चहाचा घोट घेत. पण तो जर म्हणाला, "काल संध्याकाळी," तर यांच्या कपाळावर घाम. मी एकदा हसलो तेव्हा मला समजावलं, "साळेबुवा, ताजा वाघ भला. तो निदान सांगितला तिथी असते. शिळ्या वाघाचा काय भरवसा? तो आता कुठीही असू शकते, तुह्या मागेही." मी मागे वळून पाहिलं. त्यांच्या बोलण्यात हीच तर खोड होती, मूर्खपणाचं वाटायचं आणि मान मात्र वळायची.

भाटवे मूळ सावलीच्या पुढच्या एका लहानशा गावचे. शिकले नागपुरात, तिथंच एका कंपनीत फोनवरची ॲप बनवण्याची नोकरी केली, आणि वडील गेल्यावर धानाची शेती पाहायला म्हणून बायकोसकट गावी परतले. कंपनीचं थोडंफार काम तिकडूनच करत. गावात फोनला रेंज दोनच ठिकाणी, पाण्याच्या टाकीजवळ आणि बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर. टाकीजवळ बाया भांडत, म्हणून भाटवे पायऱ्यांवर बसत. मांडीवर लॅपटॉप, डोक्याला दुपट्टा, बाजूला ताईनं दिलेली पाण्याची बाटली. येणारा-जाणारा "जयभीम" घालायचा, हे मान न वर करता "जयभीम" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "कुठून येऊन राह्यला? तिकडे काय नवीन?" कुठलीही बातमी त्यांना तारीख-वेळेसकट लागे. माझ्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, सगळी सोयरी मांडवात बसलेली असताना, त्यांनी मला विचारलं, "सासऱ्याची तब्येत कशी आहे?" सासरे अजून पोचायचे होते. मी म्हटलं, "बरी आहे." "केव्हाची बरी?" "मागच्या आठवड्यात भेटलो होतो ना." "मंग मागच्या आठवड्यात बरी होती असं म्हण. आता आहे म्हणू नोको." आणि तिथंच फोन लावला. सासऱ्यांना सर्दी झालेली निघाली. भाटव्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "आजची सर्दी आहे!" जणू काही सर्दी त्यांनीच पकडून आणली. माझी आई तेव्हापासून म्हणायची, जावई सोन्यासारखा आहे, फक्त तोंड पोलिसाचं आहे.

माझं चंद्रपूरला मेडिकल आहे. भाटवे दुकानात आले की मला धडकी भरायची. काउंटरच्या आत येऊन एकेक डबी उचलायची, तारीख वाचायची, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणायचं, "ही अजून चालते, पण मी तुमच्या जागी असतो तर लवकर खाल्ली असती." औषध का कधी कोणी हौसेनं लवकर खातं? पण माणूस एवढा निर्मळ की रागावता येत नसे. जाताना दुकानासमोरच्या हातगाडीवरून गरम आलुबोंडे आणायचे, आणि देताना सांगायचे, "आत्ताचे आहेत, मी तळताना पाह्यले."

आता ताईचं सांगतो, कारण भाटव्यांचं सगळं वेड शेवटी तिच्याशी येऊन थांबतं. आमची ताई म्हणजे बिनधास्त बाई. घरात काही कमी नव्हतं, पण चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की तिचा पाय घरात ठरत नसे. तांबडं फुटायच्या सुमारास टोपली कमरेला लावून शेजारच्या आत्याबाईंसोबत ती नाल्यापलीकडच्या मोहाखाली जायची. भाटवे दारात आडवे उभे राहायचे. "नोको जाऊ न. कायले जातं?" ती म्हणायची, "अहो, मोह पडून राह्यले आन मी घरात बसू काय? सरका." हे सरकायचे. मग ती परत येईस्तोवर अंगणात फेऱ्या. चहा नाही, आंघोळ नाही. गावातल्या बायांना वाघाच्या बातम्या मिळायच्या, पण कालच्या, परवाच्या, म्हणजे शिळ्या. आणि शिळ्या वाघाचं यांना काय होतं ते सांगितलंच. म्हणून एका उन्हाळ्यात भाटव्यांनी पायरीवर बसून ॲप बनवलं. आजूबाजूच्या गावांतले गुराखी, वनमजूर, शाळेचे गुरुजी, ज्याला वाघ किंवा वाघाचं पाऊल दिसेल त्यानं फोनवर टाकायचं, की सगळ्यांच्या फोनात एक ओळ उमटणार: कुठे दिसला, कधी दिसला, कोणी पाहिला. अशा ओळींचं ते टेबल. बोटानं पान खाली ओढलं की वर एक चाक गरगर फिरतं आणि नवीन माहिती येते. भाटवे म्हणायचे, हे सगळ्या गावासाठी आहे. गावानंही मान्य केलं, त्याला "वाघवालं" असं नावही दिलं. पण ते कोणासाठी आहे, हे मला, ताईला आणि गावातल्या शेंबड्या पोट्ट्यालाही माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात वाघवाल्यानं गावात जो हाहाकार माजवला तो खऱ्या वाघानंही कधी माजवला नव्हता. झालं असं, की एका गुराख्यानं नाल्यावर एक वाघ टाकला. आत्याबाईंनी टाकीजवळ पान ओढलं, एक वाघ दिसला. खात्री करायला पुन्हा ओढलं, दोन दिसले. तिसऱ्यांदा ओढलं, तीन. "अरे बाप्पा! बरात आली का काय?" म्हणून त्यांनी शेजारणीला फोन दाखवला, तिनंही ओढून पाहिलं, चौथा हजर. दुपारपर्यंत गावानं ओढून ओढून नाल्यावर इतके वाघ जमवले की पाणी प्यायला त्यांना रांग लावावी लागली असती. शेवटी आत्याबाईंनी चौकात उभं राहून ताकीद दिली, "खबरदार कोणी बोट लावलं तं! जितक्या खेपा ओढता तितके येऊन राह्यले." आणि दोन दिवस गावात कोणी वाघवाल्याला हात लावला नाही. फोन उंबऱ्यावर पालथे घालून ठेवले होते, खरं सांगतो.

भाटव्यांना पत्ता लागला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. चूक साधी होती. दर खेपेला नवीन माहिती यायची ती जुन्याच्या खाली जाऊन बसायची, जुनी तशीच राहायची. त्यामुळे तोच वाघ पुन्हा पुन्हा. गाव आठवडाभर हसलं. पायरीवरून जाताना पोट्टे विचारायचे, "काका, आज किती सोडले?" भाटव्यांचं तोंड उतरलं. इतका ताज्या-शिळ्याचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि त्याच्याच टेबलात कालचा वाघ आजच्या वाघाशेजारी मांडी घालून बसलेला. त्या शरमेनं त्यांनी घाईघाईत दुरुस्ती केली: ओढलं की आधी सगळं जुनं पुसून टाकायचं, पाटी कोरी करायची, आणि मग नवीन मागवायचं. आता एकाचे दोन व्हायची सोय राहिली नाही. संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "साळेबुवा, आता साफ झालं." आवाजात काय तो आनंद!

त्याच आठवड्यात मी ताईकडे मुक्कामाला होतो. सकाळी उठलो तशी ताई मला ताटात पोहे देऊन निघाली. भाटवे त्याआधीच रेंजसाठी विहाराकडे गेले होते. मी अंगणात पोहे खात होतो तोच ते धावत आले. हा माणूस आयुष्यात कधी बससाठी धावला नाही. बस निघाली की म्हणायचा, "गेली ती जुनी, येईन ती नवीन." तो माणूस बनियनवर, पायात एकच चप्पल, फोन हातात. "तुही ताई कुठी आहे?" "मोहावर गेली. जाताना वाघवालं ओढून पाह्यलं तिनं, म्हणाली काईच नाई, मोकळं आहे." भाटव्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पायरीवर रेंज मिळाल्यावर टेबल भरलं होतं, आणि सगळ्यात वरच्या ओळीत, त्याच सकाळचा, नाल्यापलीकडच्या मोहाखाली वाघ. घरात रेंज नव्हती. ताईनं पान ओढलं, जुनं पुसलं गेलं, नवीन आलंच नाही, आणि तिच्यापुढे कोरं पान राहिलं. कोरं म्हणजे वाघ नाही. कोणालाही तसंच वाटलं असतं.

भाटव्यांनी माझ्या हातातलं ताट हिसकलं. पोहे सगळे अंगणात. ताटावर चमचा बडवत ते नाल्याकडे सुटले आणि मी त्यांच्या मागे. ते ताईचं नाव घेऊन ओरडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एरवी चारचौघांत "आमच्या घरची," एवढंच. नाल्याच्या ओल्या रेतीत पावलं होती, पंज्याची, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मी ती पाहिली आणि अलीकडेच थांबलो. भाटवे त्यांच्यावरून तुडवत गेले. पलीकडे वानरं खेकसत होती. आणि मोहाच्या झाडांमधून ताई बाहेर आली, मागून आत्याबाई. ताईचा चेहरा रागानं लाल. "काऊन बोंबलून राह्यले? दचकून टोपली सांडली ना! सारे मोह सांडले माहे!"

भाटवे तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसले. ताट हातातून सुटलं. ताईची रिकामी टोपली त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचनात. मग म्हणाले, "मले माहीत नव्हतं. माहीत नाई असं सांगाले पाह्यजे होतं, आन मी तुले नाई म्हणून सांगितलं." एवढं बोलून तो माणूस लहान पोरासारखा रडला. ताई आधी घाबरली, मग तिला नाल्यातली पावलं मी दाखवली, मग तीही गुपचूप त्यांच्याजवळ बसली. वाघ आम्हाला दिसला नाही. आत्याबाई मात्र सांडलेले मोह वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "रडणं झालं असन तं हात लावा, पडलेल्यात दगड मिसळून राह्यले."

त्या दिवसापासून भाटव्यांचं जे नवं वेड सुरू झालं त्यानं जुन्याला मागे टाकलं. वाघवालं त्यांनी मुळापासून पुन्हा बांधलं. पान ओढलं तरी जुन्या ओळी जागच्या हलणार नाहीत. नवीन सगळ्या येऊन पोचल्या की मगच एकदम अदलाबदल. नाहीच आल्या तर वर लिहून येणार, "नवीन काही आलं नाही, हे जुनं आहे," आणि कधीचं जुनं तेही. खरोखरच कोणाला वाघ दिसला नसेल तरी पान कोरं राहायचं नाही: "कोणाला दिसला नाही, पण जपून जा." इथपर्यंत ठीक होतं. पण हा नेम त्यांनी घरादाराला लावला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर नवीन टांगून झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पावसाळ्याआधी लोक छपराचे कवेलू सगळे एकदम उतरवतात. भाटवे नवीन कवेलू हातात आल्याशिवाय जुना काढत नसत, एक काढायचा, एक बसवायचा. आख्खा वैशाख ते छपरावर. खालून ताई विचारायची, "जेवाले येता का तिथीच पाठवू?" चपला तुटल्या तरी नवीन पायात चढेपर्यंत जुनी टाकायची नाही, म्हणून चंद्रपूरच्या दुकानात एका पायात नवी आणि एकात जुनी घालून ते बिल करायला उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आणि दुसरं म्हणजे, "माहीत नाई" हे त्यांना जगातलं सगळ्यात मोलाचं उत्तर वाटू लागलं. भाटव्यांच्या पुतणीची सोयरीक जुळत होती. पोराची चौकशी घरच्यांनी भाटव्यांवर सोपवली होती; बैठकीत त्यांना विचारलं, पोरगा दारू पितो का. सगळी बैठक कान टवकारून बसलेली. भाटवे म्हणाले, "माहीत नाई." पोराकडचे उठूनच निघाले. "नाई म्हणायले काय झालं होतं?" म्हणून सगळे यांच्यावर धावले. हे आपले शांत. "मी पाह्यलं नाई तं नाई कसं म्हणू? पेते असंही नाई म्हटलं न मी." शेवटी ताईनं मध्ये पडून पोह्यांची दुसरी फेरी वाटली, तेव्हा कुठं लग्न ठरलं. पोरगा पीत नाही. पण ते कळल्यावरही भाटवे म्हणाले, "आजपर्यंतचं सांगून राह्यलो."

मग वाघवाल्यात त्यांनी दुसरं टेबल जोडलं. जंगलात जाणाऱ्यानं जाताना "गेलो" नाहीतर "गेली" दाबायचं, परत आल्यावर "आलो", "आली". दिवेलागणीपर्यंत कोणी दाबलं नाही तर घरच्याच्या फोनावर, रेंज नसली तरी, प्रश्न येणार, परत आले का? खाली तीन बटणं: हो, नाही, माहीत नाही. हे टेबल मात्र बायांना फार आवडलं. ताईची ओळ भाटव्यांनी स्वतः भरली, आणि नावाच्या रकान्यात लिहिलं, "आमच्या घरची". "गेली" ती दाबायची, कारण हे दारात आडवे उभे असायचे. "आली" तिनं जन्मात दाबलं नाही. "मी समोर उभी आहो, दिसून नाई राह्यली काय?" "मले दिसतं न. टेबलाले नाई दिसत." "मंग टेबलाले चश्मा लावा." रोज संध्याकाळी अंगणात मोह वाळत पडलेले असायचे, त्या गोड वासात ताई चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवायची, आणि भाटवे फोन हातात घेऊन साहेबासारखं विचारायचे, "आमच्या घरची परत आली का?" ती म्हणायची, "नाई आली. जंगलातच आहो, वाघासंग बसली आहो." मग ते हसत हसत "हो" दाबायचे. मी गेलो की हा खेळ माझ्यासमोरही चालायचा. नवरा-बायकोचं एवढं साधं सुख मी दुसरं पाहिलं नाही.

मागच्या साली चैत्रात ताई मोहावरून आली ती हुडहुडी भरूनच. अंगणात टोपली ठेवली आणि तशीच खाटेवर पडली. दुपारी तिला गाडीत घालून चंद्रपूरला आणलं. त्या संध्याकाळी कोण फोन पाहतो? वाघानं जिला हात लावला नाही, ती बाई साध्या तापानं चार-सहा दिवसांत गेली. मेडिकलवाला भाऊ उशाशी उभा होता, दुकानभर औषधं होती, आणि काही म्हणता काही उपयोग झाला नाही. भाटवे रडले नाहीत. फक्त डॉक्टर बाहेर आले की विचारायचे, "हे केव्हाचं सांगून राह्यले?"

यंदा मोह पडायला लागला तसा मी चार दिवस काढून गावी गेलो. ताईला जाऊन वर्ष झालं म्हणून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पाहुणे पांगल्यावर दिवेलागणीला भाटवे विहाराच्या पायरीवर जाऊन बसले, मी त्यांच्याजवळ बसलो. आत्याबाई काठी टेकत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, राग नोका मानू. ते नाव काढून टाका ना आता. माही नात रोज पाह्यते, भेते ते." कुठलं नाव ते मला कळेना. भाटवे म्हणाले, "आत्याबाई, नवीन आल्याबिगर मी जुनं पुसत नाई, तुम्हाले माहीत आहे." आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

मग मी वाकून त्यांच्या फोनात पाहिलं. जंगलात गेलेल्यांचं टेबल. त्या दिवशीच्या बाया सगळ्या परतलेल्या. आणि सगळ्यात खाली, जुनी म्हणून करड्या रंगात, एक ओळ: आमच्या घरची, मोहावर गेली. वर्ष झालं त्या ओळीला. कालचा वाघ ज्याला सहन होत नव्हता, माझ्या सासऱ्याची आठवड्यामागची तब्येत ज्यानं चालवून घेतली नाही, त्या माणसानं ही ओळ वर्षभर तशीच ठेवली होती. तेवढ्यात फोन वाजला. परत आले का? खाली तीन बटणं. भाटव्यांचा अंगठा "हो"वर गेला, थांबला. "नाही"वर गेला, तिथं त्याहून जास्त थांबला. मग त्यांनी "माहीत नाही" दाबलं. चाक फिरलं, टेबल पुन्हा भरलं, सगळ्या ओळी आपापल्या जागी आल्या. तीही आली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊजी, रोज हेच दाबता? उद्याही हेच दाबाल?"

त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. "उद्याचं आज कसं सांगू, साळेबुवा?" म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. "चाल, चहा मांडतो. तुह्या ताईसारखा नाई होत, पण आत्ताचा आहे."